इंदुरात नवा धंदा सुरू करताय? खांबावर नंबर चिकटवण्याआधी हे वाचा

रामबागेत आमचं छपाईचं लहानसं दुकान आहे. वडिलांच्या काळी तिथे ट्रेडल मशीन होतं आणि लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, हळदीकुंकवाची कार्डं छापली जायची. आता पत्रिका मोबाइलवरून जातात. दुकानात येतात ते नवे धंदेवाले. भुसावळकडून मेस काढायला आलेलं जोडपं, नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरहून येऊन घरी शिवणकाम सुरू करणारी ताई, भंवरकुव्याला क्लास काढणारा पंचविशीतला मुलगा. सगळ्यांची पहिली ऑर्डर जवळपास एकच असते: "काका, हजार स्टिकर आणि पन्नास छोटे फ्लेक्स द्या. खांबावर लावायचेत."

हे काम मी घेत नाही. पूर्वी घ्यायचो. एका शिकवणीवाल्या सरांना मी हौसेने दोन रंगांत स्टिकर छापून दिले होते. त्यांनी दोन पोरांना मजुरी देऊन ते एका रात्रीत लावून घेतले. विजेच्या डीपीवर, डिवायडरवर, रंगवलेल्या भिंतींवर, एका दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा. पुढचे आठ दिवस सरांचा फोन वाजत राहिला, पण प्रवेशासाठी विचारणारे थोडेच. बाकी सगळे रागावलेले लोक, "आमच्या गेटवरचा कागद कधी काढताय?" म्हणून विचारणारे. मग निगमचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, फोन आला. दंड त्यांनी भरला. पण ज्या कॉलनीतून मुलं यायला हवी होती, तिथे त्यांचं नाव पहिल्याच महिन्यात खराब झालं, आणि ते छापणारा मी होतो.

खांबावरच्या कागदावर तुमचं नाव असतं, पत्ता असतो, मोबाइल नंबर असतो. नियम मोडल्याचा पुरावा तुम्हीच पैसे देऊन तिथे लावलेला असतो. निगमला शोधाशोध करावी लागत नाही, नंबर फिरवला की झालं. आणि हे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातल्या स्वच्छ शहरांत पहिलं येत आलंय. इथल्या लोकांना त्याचा खरोखर अभिमान आहे. दुसरीकडे कोणी दुर्लक्ष करेल असा कागद इथे शेजारीच फोटो काढून पाठवतात.

म्हणून नव्या माणसाने कुठल्या क्रमाने काय करावं, ते लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक वही घ्या

डिझाइनचा विचार आत्ता नको. वहीत तुमच्या दुकानाभोवतीचा नकाशा हाताने काढा. मेस असेल तर डबा सायकलवर किंवा गाडीवर किती लांब गरम पोचेल? शिवणकाम असेल तर बाई ब्लाउजचं माप द्यायला किती लांबून चालत येईल? बहुतेक लहान धंद्यांचं गिऱ्हाईक एक-दोन किलोमीटरच्या आतच असतं. सुदामा नगरातल्या डब्याची जाहिरात विजयनगरच्या खांबावर लावून काय मिळणार? पण पोरांना स्टिकर लावायला पाठवलं की ती मोठा चौराहा बघतात, तुमचं गिऱ्हाईक कुठे राहतं ते बघत नाहीत.

नकाशावर शाळा, हॉस्टेल, मोठ्या बिल्डिंगा, किराणा दुकानं, दूध केंद्र, देऊळ, दवाखाना अशा खुणा करा. प्रत्येक खुणेसमोर, तिथे कोणाला विचारायला लागेल त्याचं नाव लिहा. पुढचं सगळं काम या यादीवर चालतं.

मग जागा कोणाची, ते बघा

रस्त्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट कोणाची तरी असते. नवीन माणसाला वाटतं, खांब "सरकारी" आहे, म्हणजे कोणाचाच नाही.

विजेचा खांब आणि डीपी वीज कंपनीची. आमच्या गल्लीत लाइन दुरुस्त करायला आलेल्या लाइनमनने एकदा मला खाली उभं करून दाखवलं होतं. त्याला वर चढायचं होतं आणि वाटेत तीन बोर्ड तारेने आवळून बांधलेले होते. आधी ते कापायचे, मग चढायचं. लोखंडी फ्रेमचा बोर्ड, उघडी तार, आणि पावसाने ओला खांब. तो म्हणाला, "साहब, ये तार किसी दिन मेरी जान लेगा." खांबावर काही बांधायचा विचार मनात आला, तर या माणसाला डोळ्यासमोर आणा. लाइट गेल्यावर आपण ज्याची वाट बघतो तो हाच.

झाडाला तर हात लावू नका. खिळा सालीतून आत जातो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्याच थरातून मुळांकडे जात असतं, आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते. एका खिळ्याने मोठा कडुनिंब मरत नाही. पण एकाने ठोकला की दुसरा ठोकतो, आणि दहा वर्षांत त्या बुंध्यात किती लोखंड जातं ते तुम्हीच मोजून बघा.

डिवायडर, पूल, बस थांबा, उद्यानाची भिंत, सार्वजनिक शौचालय, कचऱ्याचे डबे हे निगमचं किंवा दुसऱ्या सरकारी खात्याचं. मेट्रोचे खांब मेट्रोचे. राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, लालबाग या ऐतिहासिक वास्तूंच्या भिंतींबद्दल वेगळं सांगायला नको. इथे परवानगीचा प्रश्नच येत नाही, यादीतून काढून टाका.

राहिल्या खाजगी भिंती, गेट, दुकानांचे शटर. घरमालकाची भिंत त्याची. सोसायटीची भिंत सोसायटीची, चौकीदाराची नव्हे. "भैयाने हो म्हटलं होतं" हे उत्तर मी फार ऐकलंय. भैयाला हो म्हणायचा अधिकारच नसतो, आणि उद्या सेक्रेटरीची बोलणी तोच बिचारा खातो.

ज्याची भिंत, त्याची चिठ्ठी

मध्य प्रदेशात यासाठी १९९४ पासून स्वतंत्र कायदा आहे, मध्य प्रदेश संपत्ति विरूपण निवारण अधिनियम. लोकांच्या नजरेस पडणारी कुठलीही मालमत्ता मालकाच्या लेखी परवानगीशिवाय शाई, खडू, रंग किंवा आणखी कशाने लिहून, खुणा करून विद्रूप केली तर एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस थेट नोंदवू शकतात. निगमचा स्पॉट फाइन वेगळा. आणि हजार रुपये ऐकून "एवढंच ना" म्हणणाऱ्याने, पोलिस ठाण्यात धंद्याच्या नावाची नोंद होणं म्हणजे काय, याचाही विचार करावा.

यातला "लेखी" हा शब्द महत्त्वाचा. तोंडी होकार पुरत नाही. चिठ्ठीला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. मी माझ्या गिऱ्हाइकांना देतो तो मजकूर असा:

"मी, (नाव), (पूर्ण पत्ता) या मालमत्तेचा मालक. माझ्या घराच्या (कुठल्या) बाजूच्या भिंतीवर (लांबी × रुंदी) मापाचा (धंद्याचं नाव) यांचा फलक (तारीख) पासून (तारीख) पर्यंत लावायला माझी संमती आहे. मुदत संपल्यावर फलक काढून भिंत पूर्ववत करून देण्याची जबाबदारी त्यांची. सही, मोबाइल, तारीख."

हीच चिठ्ठी हिंदीत लिहा, कारण निगमचा माणूस ती वाचणार आहे. दोन प्रती करा, एक मालकाकडे ठेवा. मुदत नक्की घाला. मुदत नसलेल्या फलकांनीच भिंती भरतात. धंदा बंद पडतो, माणूस गाव सोडून जातो आणि त्याचा फाटका फ्लेक्स चार पावसाळे तिथेच फडफडत राहतो.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मालकाची चिठ्ठी म्हणजे निगमची परवानगी नव्हे. रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या जाहिरातीला मध्य प्रदेश आउटडोर विज्ञापन मीडिया नियम, २०१७ लागू होतात, आणि त्यांच्याखाली परवानगी देणारा निगम. घरमालकाने "लावा" म्हटलं, तरी गच्चीवर होर्डिंग उभारता येत नाही. हा कारकुनी हट्ट समजू नका. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. ते खूप मोठं होर्डिंग होतं, तुमचा बोर्ड लहान आहे. पण इंदुरातही जूनच्या पहिल्या वादळात गच्चीवरचे पत्रे उडतात, हे इथे एक पावसाळा काढलेल्या कोणालाही विचारा.

विचारायला कुठे जायचं? आपल्या वॉर्डाच्या झोन कार्यालयात आधी जा. शहरात ८५ वॉर्ड आहेत, तुमचा कुठला ते घरमालकाच्या मालमत्ता कराच्या पावतीवर मिळेल. तिथे काम झालं नाही तर शिवाजी मार्केटजवळच्या निगम मुख्यालयात होर्डिंगचं काम बघणाऱ्या विभागात. सकाळी जा. दुकानाचा फोटो, बोर्डाचं माप, गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा दाखला), भाडेकरार आणि मालकाची चिठ्ठी बरोबर ठेवा. "मला एवढा बोर्ड इथे लावायचाय, काय करावं लागेल?" एवढंच विचारा. माझ्या अनुभवात, लावण्याआधी विचारायला आलेल्या माणसाशी तिथले लोक नीट बोलतात. लावल्यानंतर आलेल्याशी बोलणं वेगळं असतं.

मध्ये कोणी दलाल भेटेल, "सब सेट है, बस लगा दो" म्हणणारा. त्याच्याकडे परवानगीची प्रत मागा, तिच्यावरचा क्रमांक आणि मुदत वाचा. प्रत नसेल तर पैसे देऊ नका. बस थांब्यावर किंवा रस्त्यातल्या लॉलीपॉपवर (खांबावरच्या छोट्या जाहिरात-फलकावर) जागा विकणाऱ्या एजन्सीलाही हाच नियम लावा. त्यांच्यातल्या खऱ्यांना निगमचा ठेका असतो आणि ते कागद दाखवायला कचरत नाहीत.

स्वतःच्या दारावरचा बोर्ड

यावर मात्र खर्च करा. नव्या धंद्याला याच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच जाहिरातीतून होत नाही, आणि लोक नेमकी इथेच काटकसर करतात. पाच हजार परच्या (हँडबिलं) छापतील, पण दारावरचा बोर्ड पुसट.

अक्षरं मोठी ठेवा. समोरच्या फुटपाथवरून चष्मा नसलेल्या माणसाला वाचता आली पाहिजेत. काय मिळतं ते नावापेक्षा मोठं लिहा. "श्री समर्थ एंटरप्रायजेस" वाचून कोणाला कळणार की आत थालीपीठ मिळतं? हिंदीत लिहा, खाली मराठीत एक ओळ घाला. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांत ती एक ओळ वाचून माणूस थांबतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. साठीतल्या एक बाई बोर्डवरचं "घरगुती पुरणपोळी" वाचून रिक्षातून उतरल्या होत्या.

बोर्ड दुकानाच्या रुंदीच्या बाहेर नेऊ नका. शेजाऱ्याच्या शटरवर सावली पडली की भांडण सुरू. फुटपाथवर उभा बोर्ड ठेवू नका. निगमची पिवळी गँग गाडी घेऊन फिरते आणि रस्त्यावर ठेवलेलं सामान उचलून नेते. ते सोडवून आणायला हेलपाटे पडतात, शिवाय मधल्या वेळात दृष्टिहीन किंवा म्हातारं माणूस त्याला अडखळलं तर त्याचा दोष तुमचाच.

फ्लेक्सबद्दल छापणाऱ्याचं ऐका

फ्लेक्स स्वस्त आहे, दोन तासांत मिळतो, म्हणून सगळे तोच मागतात. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसीचे बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, थर्माकोल आणि प्लास्टिकच्या चमच्यांबरोबरच. नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो, पण तोही पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेला पीव्हीसीच. जाळी आणि प्लास्टिक वेगळं करता येत नाही, म्हणून तो नीट पुनर्वापरात जात नाही. जाळला तर विषारी धूर होतो. आमच्या दुकानात रिजेक्ट झालेल्या फ्लेक्सचं काय करायचं, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं पडलाय. बरेच तुकडे ठेल्यावर झाकायला देतो.

चार दिवसांच्या कामासाठी, म्हणजे उद्घाटन, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर, उन्हाळी शिबिर, कापडी बॅनर करा. रंग थोडे फिके येतात. पण धुऊन पुढच्या वर्षी तारखेची पट्टी बदलून पुन्हा लावता येतो. दुकानाच्या आतल्या बाजूला काचेवर साधा छापील कागद पुरतो.

आता पैसे घाला

खांबावर जाणार होते ते पैसे कुठे घालायचे, त्याचा माझा क्रम सांगतो. दुसऱ्याचा वेगळा असेल.

आधी फुकटची कामं उरका. गूगल मॅपवर धंद्याची नोंद करा. दुकानाचा बोर्ड, आतली जागा, रस्त्याची खूण दिसेल असा व्हिडिओ मागितला जातो, म्हणून हे काम बोर्ड लागल्यावर करा. वेळ, सुट्टीचा दिवस, दरांचा फोटो घाला. पहिल्या दहा गिऱ्हाइकांना खरं मत लिहायला सांगा, बहिणीकडून आणि मावशीकडून लिहून घेऊ नका. व्हॉट्सअॅप बिझनेसवर दरांची यादी ठेवा. हॉस्टेलमधली मुलं खांब वाचत नाहीत, "मेस निअर मी" शोधतात.

त्यानंतर पेपरातली परची. घरी पेपर टाकणाऱ्या मुलाला विचारा, तुमच्या भागाचे पेपर पहाटे कुठे वाटले जातात. तिथे एजंट भेटतो आणि हजारामागे दर सांगतो. स्वतः पहाटे जा, एकदा तरी. कुठल्या लाइनला किती घरं आहेत ते विचारून फक्त आपल्या नकाशातल्या लाइना घ्या. रविवार टाळा. त्या दिवशी पेपरातून सहा-सहा कागद गळतात आणि तुमचा त्यांच्याबरोबर थेट रद्दीत जातो. आठवड्याच्या मधला दिवस बरा. आणि पाच हजार एकदम छापू नका. हजार छापा, दोन आठवडे वाट बघा, मजकूर सुधारा, मग पुढचे. हे सांगताना माझं बिल लहान होतं, पण असं करणारं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं.

परची सिग्नलवर वाटू नका. काच खाली करून घेतलेला कागद पुढच्या वळणावर खाली पडतो. तो झाडणारी बाई पहाटे चारपासून कामावर असते, आणि कागदावर नाव तुमचं असतं.

किराणा दुकानाच्या काउंटरवर कार्डाचा छोटा स्टँड, दवाखान्यात बसण्याच्या जागी एक कागद, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरीच्या सहीने लावलेली सूचना. यांना फारसा खर्च नाही, पण प्रत्येक ठिकाणी जाऊन, नाव सांगून, विचारायला लागतं. लाजाळू माणसाला हे जड जातं, मला माहीत आहे. शिवणकामवाली ती ताई पहिल्या दिवशी दोन दुकानांतून न बोलताच परत आली होती. तिसऱ्या दुकानात वाण्याच्या बायकोने स्वतःच विचारलं, "फॉल-पिको करता का?" आणि कार्ड तिथे राहिलं. आजही तिचं निम्मं काम त्या काउंटरवरून येतं.

मराठी समाज इथे मोठा आहे आणि जुना आहे. सानंद या मराठी संस्थेच्या नाटकांना येणारा प्रेक्षक, महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांना येणारे लोक, कॉलनीतले गणेशोत्सव. फराळ, पापड, लोणची, पैठणीचं पॉलिश असलं काही करत असाल तर तुमचं गिऱ्हाईक इथेच बसलेलं आहे. पण सभागृहाच्या बाहेर उभं राहून गाड्यांच्या वायपरला परच्या अडकवू नका. आयोजकांना आधी भेटा. गणपतीत मी एका मेसवाल्याला मंडपावरच्या बॅनरऐवजी प्रसादाच्या कागदी पाकिटांवर नाव छापून दिलं. मंडळाचा पाकिटांचा खर्च वाचला, आणि पाकीट ज्या घरांत गेलं ती त्याच्या डब्याच्या वाटेवरचीच होती.

ठेल्यावर किंवा गाडीवर भोंगा लावून हाकारा घालायचा असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा पूर्ण बंद, आणि दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरांत कधीच नाही. बाकी वेळीसुद्धा लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. सुरुवातीला नाही केलं तरी चालेल.

वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: बोर्ड, परची, फोन, ओळख. नव्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "आमच्याबद्दल कुठून कळलं?" विचारा आणि रेघ मारा. दोन महिन्यांनी पुढचे पैसे कुठे घालायचे ते ती रेघच सांगेल, मी नाही.

मजकूर प्रूफवर तपासा

जागा कायदेशीर असली तरी मजकूर गोत्यात आणू शकतो. क्लासवाल्यांनी "१०० टक्के निवड", "हमखास नोकरी" हे लिहूच नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निवड झालेल्या मुलाचा फोटोही त्याच्या लेखी संमतीशिवाय, आणि तीसुद्धा निकालानंतर घेतलेली, छापता येत नाही. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याने, घरातून डबा देत असला तरी, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्यावी आणि तो १४ आकडी क्रमांक परचीवर छापावा. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. गुप्तरोग, ताकद, मूल होण्याची हमी असल्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे. अशी ऑर्डर मी दारातूनच परत पाठवतो.

पत्त्यात ओळखीची खूण घाला, नंबर दोनदा तपासा. चुकीचा एक आकडा छापून गेला तर भलत्याच माणसाला महिनाभर डब्याचे फोन येतात.

आधीच लावून बसला असाल तर

काही जणांच्या हातात हा लेख उशिरा पडेल. घाबरू नका, पण आज रात्री नाही, उद्या सकाळी उजेडात निघा. ज्या पोरांनी लावले त्यांनाच बरोबर घ्या, जागा त्यांना आठवतात. विजेच्या खांबावरचं किंवा डीपीवरचं काहीही स्वतः काढू नका, तिथे वीज कंपनीला कळवा. बाकी ठिकाणी बांधलेल्या फ्लेक्सची दोरी किंवा प्लास्टिकची पट्टी कापा आणि तुकडे खाली टाकू नका, पिशवीत भरा. खळीने लावलेला कागद कोमट पाण्याने भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग लाकडी पट्टीने खरवडा. लोखंडी पत्र्याने घासलं की भिंतीचा रंग निघतो. स्टिकर असेल तर हेअर ड्रायरची हवा द्या, कोपऱ्यातून सावकाश ओढा. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून थोड्या वेळाने साबणाने पुसा. खाजगी भिंत असेल तर आधी बेल वाजवा आणि माफी मागा. रंग गेला असेल तर तेवढा पट्टा रंगवून द्या. त्या सरांनी तीन घरांच्या भिंती रंगवून दिल्या होत्या. त्यांतल्या एका घरातली मुलगी पुढच्या वर्षी त्यांच्याच क्लासला आली.

दंड झाला तर वाद घालू नका, पण छापील पावती घेतल्याशिवाय पैसेही देऊ नका. पावतीवर तारीख, कारण, रक्कम आहे ना ते तिथेच बघा. आणि "मी नाही लावले, पोरांनी लावले" असं म्हणू नका. नंबर तुमचा आहे, मजुरी तुम्ही दिलीत.

आणि तुमच्याच भिंतीवर कोणी लावलं तर

दुकान चालायला लागलं, बोर्ड नवा दिसायला लागला, की एके सकाळी त्यावर दुसऱ्याचं स्टिकर असेल. फाडण्याआधी फोटो काढा, एक जवळून, एक लांबून पत्ता दिसेल असा. मग त्या नंबरवर फोन करा आणि शांतपणे सांगा. निम्मे लोक तुमच्यासारखेच नवे असतात आणि लगेच येऊन काढतात. दोन दिवसांत काढलं नाही तर निगमच्या इंदौर ३११ अॅपवर फोटोसह तक्रार टाका. जागा मोबाइलच्या लोकेशनवरून जाते, म्हणून तक्रार तिथे उभं राहूनच टाका. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. तिथेही काम अडलं तर सीएम हेल्पलाइन १८१ आहे. तक्रार सुटल्याचा मेसेज आला की जाऊन भिंत स्वतः बघा, आणि कागद अजून तिथेच असेल तर त्याच क्रमांकावर नव्या फोटोसह पुन्हा कळवा.